स्वस्तातलं सात मोडचं रिव्हर्ब पेडल: ठेवू की परत करू?

डोंबिवली_सहातारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

तीन आठवड्यांपूर्वी रिव्हर्बचं, म्हणजे गिटारचा आवाज घुमवणारं, एक पेडल मागवलं. साडेचार हजार रुपये पडले. परत करायची मुदत ३० दिवसांची, त्यातले नऊ दिवस उरलेत, म्हणून हा धागा.

आधी माझं सामान सांगतो, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. गिटार स्ट्रॅटच्या घडणीची, सिंगल कॉइल पिकअपची. अ‍ॅम्प २० वॉटचा, ट्रान्झिस्टरवाला, त्यात रिव्हर्ब नाही. आमचा सहा जणांचा वाद्यवृंद आहे. गणपती, नवरात्र, लग्नाआधीचं संगीत, मधूनच एखादा रॉकचा कार्यक्रम. म्हणजे एकाच रात्री भावगीतामागे हलक्या कॉर्ड धरायच्या आणि तासाभराने लीडही वाजवायची.

पेडलवर रूम, हॉल, चर्च, प्लेट, स्प्रिंग, मॉड आणि शिमर असे सात मोड आहेत. नॉब तीन: मिक्स (घुमणं किती मिसळायचं), डिके (ते किती वेळ टिकायचं), टोन (त्याची धार). ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. हाती आलेल्या एका नगावरून कंपनीला नावं ठेवणं मला पटत नाही, आणि या किमतीतली चार-पाच पेडलं इतकी सारखी आहेत की प्रश्न सगळ्यांना लागू पडावा.

पहिल्या रात्री हेडफोन लावून वाजवलं. एक वाजून गेला होता, घरात सगळे झोपलेले. चर्च मोड, मिक्स निम्म्याच्या वर. ई मायनर एकदाच छेडला आणि हात बाजूला घेतला. सूर जाता जाता जातच राहिला. माझ्या गिटारमधून इतकं सुंदर काही निघालेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी तालमीत मात्र की-बोर्डवाला दुसऱ्याच गाण्याला थांबला. म्हणाला, "तू वाजवतोयस ना? मला ऐकूच येत नाहीये." आवाज वाढवला तर गलका वाढला, गिटार काही पुढे आली नाही. शिवाय दोन गोष्टी खटकतात. डिके वाढवला की सूर विरताना शेवटी पातेल्याच्या झाकणासारखं 'टण्ण' ऐकू येतं. आणि मागे सतत बारीक 'किर्र' असते.

पेडलच हलकं आहे, की मला पारखता येत नाहीये?

खर्जातला

पेडल साखळीत कुठे जोडलंय? मिक्स तालमीत किती होता?

डोंबिवली_सहातारी

गिटार, ट्यूनर, रिव्हर्ब, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल), मग अ‍ॅम्प. पॅचकेबल आखूड आहेत, त्यामुळे बोर्डावर तसंच बसलं. मिक्स घड्याळाच्या हिशोबाने एकवर.

खर्जातला

मग निम्मा दोष तिथेच सापडला. रिव्हर्ब ओव्हरड्राइव्हच्या आधी आला की काय होतं बघा. ओव्हरड्राइव्ह मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो. तुमचा मूळ सूर मोठा, रिव्हर्बचं शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारं घुमणं, बारीक. ओव्हरड्राइव्ह दोघांना जवळजवळ एकाच पातळीला आणतो. मग ऐकणाऱ्याला सूर कुठला आणि घुमणं कुठलं ते कळत नाही. कॉर्ड असेल तर नुसता चिखल.

रिव्हर्ब सगळ्यात शेवटी लावा. अ‍ॅम्पचंच डिस्टॉर्शन वापरत असाल आणि मागे एफएक्स लूप (डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायची जागा) असेल तर लूपमध्ये. काही लोक मुद्दाम उलटा क्रम लावतात, त्याचाही एक रंग असतो, पण तो सगळं कळल्यावर.

आणि एकवरचा मिक्स बँडमध्ये फार झाला. मी साडेनऊच्या वर क्वचित जातो.

बे_एरिया_पुणेकर

माझं मत वेगळं आहे. परत करा. थोडे पैसे साठवा आणि बॉसचं आरव्ही-६ वापरलेलं घ्या. २०१५ पासून बाजारात आहे, त्यातही आठ मोड आहेत, आणि उद्या विकायचं म्हटलं तर किंमत टिकून असते. मी इथे अमेरिकेत आल्यावर पहिल्या दोन वर्षांत तीन स्वस्त रिव्हर्ब घेतले आणि विकले. तिन्हींचे पैसे एकत्र केले असते तर एकच चांगलं आलं असतं.

सोल्डरगन

पुणेकरांचा हिशोब त्यांच्याकडे खरा असेल. इथे वापरलेली पेडलं इतक्या सहज मिळत नाहीत, आणि मिळाली तरी साडेचार हजारांत ते मिळणार नाही. परत करण्याआधी ऐकून तरी ठरवू.

मी वीसेक वर्षं पेडलं आणि अ‍ॅम्प दुरुस्त करतोय. रिव्हर्ब आला की तो कसा ऐकतो ते लिहितो. हेडफोन नकोत, अ‍ॅम्पवरच करा.

आधी रिव्हर्ब ऐकूच नका. गिटार थेट अ‍ॅम्पला लावा, दोन मिनिटं वाजवा. मग पेडल मध्ये घाला पण बंद ठेवा. वरची धार बोथट झाली का? मग पेडल चालू करा, मिक्स शून्यावर. आता मूळ आवाज तोच आहे का? काही पेडलं मूळ सिग्नल अ‍ॅनलॉग मार्गाने तसाच पुढे सोडतात, काही तोही डिजिटलमधून फिरवून आणतात. दुसरा प्रकार वाईटच असं नाही, पण तिथे बचत केली असेल तर याच पायरीला कळतं. ज्या रिव्हर्बने मूळ गिटार बिघडते त्याचे सात मोड असोत की सत्तर, मी तो घेणार नाही.

इथे एक फसगत होते. चालू केल्यावर आवाज जरासा मोठा होत असेल तर कान लगेच म्हणतो, छान वाटतंय. आवाज समान करून मगच तुलना करा. शक्य असेल तर स्विच दुसऱ्याला दाबायला सांगा आणि तुम्ही पाठ करून वाजवा.

आता 'चिक'. डाव्या हाताने तारा नुसत्या झाका, फ्रेटवर दाबू नका, आणि उजव्या हाताने एकदाच जोरात चिक वाजवा. मिक्स पूर्ण, डिके निम्मा. चिकमध्ये सूर नसतो, खालपासून वरपर्यंत सगळं एका क्षणात असतं, त्यामुळे रिव्हर्बला लपायला जागा उरत नाही. शेपूट कसं आहे ते ऐका. परातीत बारीक रवा ओतल्यासारखं सलग आहे, की हरभरे घरंगळल्यासारखं सुटं सुटं?

यामागे जुनं गणित आहे. डिजिटल रिव्हर्बचा पाया मानफ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला घातला. कानाला प्रतिध्वनी सुटे ऐकू येऊ नयेत म्हणून सेकंदाला साधारण हजार तरी हवेत, असा त्यांचा अंदाज होता. स्वस्त अल्गोरिदममध्ये फेऱ्या मारणारे डिले (आवाज जरा उशिरा परत देणारे टप्पे) थोडे असतात. डिके वाढवला की तेच ते डिले पुन्हा पुन्हा फिरतात आणि त्यांचा स्वतःचा सूर उमटायला लागतो. तुमचं 'टण्ण' म्हणजे हेच. सगळ्याच पेडलांत ते कुठेतरी सुरू होतं. डिकेचा नॉब बारावर पोचायच्या आधीच ते सुरू होत असेल तर पेडल परत करा. दोन-अडीचला होत असेल तर सोडून द्या, बँडमध्ये तिथवर जायची वेळ येत नाही.

'किर्र' बहुतेक विजेची. सगळी पेडलं एकाच अडॉप्टरवर माळेसारखी जोडली आहेत का? डिजिटल पेडलाच्या आतलं घड्याळ, म्हणजे चिपला ताल देणारा सिग्नल, तारेतून शेजारच्या पेडलात शिरतं. जाड 'हम्म' असेल तर ती मेन्सची किंवा अर्थिंगची, बारीक 'किर्र' असेल तर ती डिजिटलची. रिव्हर्बला वेगळा ९ व्होल्टचा अडॉप्टर देऊन बघा. मधला पिन निगेटिव्ह हवा, आणि अडॉप्टरवरचा मिलीअँपचा आकडा पेडलवरच्या आकड्याहून मोठा. तो आकडा बघितल्याशिवाय पेडलाला नाव ठेवू नका, ही विनंती आहे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या डिजिटल पेडलांपैकी कितीतरींना काहीच झालेलं नसतं, अडॉप्टर कमी पडत असतो.

फ्रेटबोर्ड

+१. चिक-चाचणी आजच केली. माझ्या पेडलाचा हॉल चक्क हरभरे निघाला, आणि प्लेट रवा. दोन वर्षं मी हॉलच वापरत होतो.

बे_एरिया_पुणेकर

सोल्डरगन, माहिती उत्तम आहे, पण मुद्दा तोच राहतो. स्वस्तात चिपच स्वस्त घालतात. त्यातून किती निघणार?

सोल्डरगन

चिपवरून किंमत ठरवू नका. स्पिन सेमीकंडक्टरची एफव्ही-१ ही चिप घ्या. अलेसिस ही कंपनी सुरू करणाऱ्या कीथ बार यांची ती रचना. तिच्या आत आठ तयार प्रोग्रॅम असतात, आणि बाहेरून आणखी आठ घालता येतात. तीच चिप स्वस्त पेडलांतही सापडते आणि चौपट किमतीच्या, हाताने बनवलेल्या पेडलांतही सापडते. फरक कोणी कुठला प्रोग्रॅम लिहून घातला, आत जाताना आणि बाहेर येताना सिग्नल किती स्वच्छ ठेवला, आणि स्विच व जॅक कसले लावले यात असतो. शेवटची गोष्ट सगळ्यात आधी मोडते. जॅक थेट सर्किट बोर्डावर सोल्डर केलेले असतील आणि बाहेरून नटाने आवळलेले नसतील, तर केबलच्या प्रत्येक ओढीचा ताण बोर्डावर येतो. केबल लावून हलकेच हलवून बघा.

वसईची_क्वायर

मी चर्चच्या क्वायरमध्ये गिटार वाजवते, त्यामुळे चर्च मोडबद्दल थोडं लिहिते.

खऱ्या दगडी चर्चमध्ये आम्ही आपोआप सावकाश वाजवतो. भिंतीच सांगतात, थांबा. आवाज ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो त्यालाच घुमण्याचा काळ म्हणतात. मोठ्या दगडी वास्तूत तो चार-पाच सेकंद सहज असतो. आता दादा, तुमचं गाणं मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत असेल तर चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांत संपतो. चार सेकंदांचं शेपूट म्हणजे सी वाजवताना मागचा जी आणि त्याच्या मागचा डी, दोन्ही अजून हवेत आहेत. तालमीत तुम्ही ऐकू आला नाहीत यात आश्चर्य नाही. तुमच्याच तीन कॉर्ड एकमेकींवर बसत होत्या.

चर्च मोड वाईट नाही. एक कॉर्ड आणि लांब शांतता असेल तिथे तो अजूनही मला गलबलून टाकतो. पण लय वाढली की डिके कमी, हा नियम आम्ही इमारतीकडून शिकलो.

गोलघुमट

विजापूरला गोल घुमटात वरच्या सज्जात उभं राहून टाळी वाजवली आहे का कोणी? टाळी पुन्हा पुन्हा परत येते, आणि प्रत्येक वेळी सुटी ऐकू येते. तो प्रतिध्वनी. रिव्हर्ब म्हणजे ते परत येणं इतकं दाट होतं की टाळ्या मोजता येत नाहीत, नुसती जागा जाणवते. ५० मिलिसेकंदांच्या आत परत आलेला आवाज कान मूळ आवाजातच मिसळून टाकतो. त्या अवधीत आवाज जाऊन-येऊन मिळून साधारण १७ मीटर अंतर कापतो. म्हणून छोट्या खोलीत 'घुमतंय' असं आपण म्हणत नाही, आवाज भरीव झाला म्हणतो.

रूम मोडची कसोटी तीच. तो चालू असल्याचं कळता कामा नये, आणि बंद केल्यावर गिटार एकदम उघडी-बोडकी वाटली पाहिजे. स्वस्त पेडलांत अवघड चीज हीच असते. लांब शेपटात चुका लपतात, छोट्या खोलीत लपत नाहीत. दुकानात सगळे शिमरवर जातात. मी आधी रूम लावतो.

तंबोरा

मी सतार शिकते, पेडलांतलं काही कळत नाही, पण वाचताना एक सुचलं. आमच्याकडे आस नावाची गोष्ट असते. मिजराब (सतारीची नखी) लागल्यावर तार जितका वेळ बोलत राहते ती आस. गुरुजी आस तुटू देत नाहीत, पण पुढचा स्वर कधी सुरू करायचा हेही तीच ठरवते. तुमच्या रिव्हर्बमध्ये पुढच्या सुराला जागा द्यायची ही सोय कशी करतात?

गोलघुमट

फार नेमका प्रश्न. त्याला प्री-डिले म्हणतात. मूळ सूर वाजल्यावर २०-४० मिलिसेकंद थांबून मग घुमणं सुरू होतं, त्यामुळे आघात स्पष्ट राहतो. स्वस्त तीन-नॉबी पेडलांत हा नॉब बहुतेक नसतोच. पण मोडागणिक तो आत ठरवून दिलेला असतो. त्यामुळे एका मोडमध्ये तुमचा आघात बुडतो आणि दुसऱ्यात तोच हात, तोच मिक्स असून बुडत नाही.

मडगावचा_बास

बासवाल्याची तक्रारही ऐका. रिव्हर्ब खालच्या सुरांवरही बसतो आणि ती जागा माझी आणि किक ड्रमची आहे. स्वस्त पेडलाचा टोन नॉब बहुधा फक्त वरची धार कापतो, खालचं तसंच ठेवतो. म्हणजे टोन खाली नेला की शेपूट आणखी गढूळ. तुम्ही उलट करता असं वाटतं. टोन अकरा-बाराला ठेवा आणि बँडमध्ये सहा तारांच्या कॉर्ड सोडा, बारीक तीन तारांवर वाजवा. आमचा गिटारवाला हे शिकला तेव्हापासून हॉटेलातले कार्यक्रम सोपे झाले.

खर्जातला

स्प्रिंग आणि प्लेटबद्दल कोणी लिहिलं नाही. मोडला दिलेलं नाव हे एक वचन असतं, ते पाळलंय का ते बघायचं.

प्लेट म्हणजे खरोखर पोलादाचा पत्रा. जर्मनीच्या ईएमटी कंपनीचं १४० हे यंत्र १९५७ चं. चौकटीत ताणून टांगलेला मोठा पत्रा, वजन पाव टनाच्या वर. पत्र्याला भिंती नसतात, त्यामुळे सुरुवातीचे सुटे प्रतिध्वनी नाहीत. आवाज लगेच दाट होतो आणि उजळ असतो. म्हणून गिटार त्यात मागे जात नाही.

स्प्रिंग आधी हॅमंडच्या ऑर्गनमध्ये होता. फेंडरने १९६१ मध्ये त्याची वेगळी पेटी काढली आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये तो अ‍ॅम्पच्या आत आला. स्प्रिंगमधून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या वेळी पोचतात, त्यामुळे आघाताला पाण्याचा थेंब पडल्यासारखा 'टपक' उमटतो. चिक वाजवून तो थेंब ऐका. नसेल तर त्या मोडला स्प्रिंग नाव दिलेला रूम समजा. या किमतीत सगळ्यात जास्त फसतो तो हाच मोड.

डोंबिवली_सहातारी

मंडळी, पाच दिवसांनी परत आलो. सगळ्यांचं सगळं करून बघितलं, म्हणून सविस्तर लिहितो.

क्रम बदलला. दोन लांब पॅचकेबल घेतल्या, रिव्हर्ब शेवटी गेला. एवढ्यानेच चिखल निम्म्याहून कमी झाला. 'किर्र' अडॉप्टरचीच निघाली. चार पेडलं एका माळेवर होती. वेगळा अडॉप्टर दिला आणि पंखा बंद करून कान अ‍ॅम्पला लावला, तर फक्त अ‍ॅम्पचा नेहमीचा श्वास.

चिक सातही मोडवर केली, भावाला स्विच दाबायला बसवून. प्लेट रवा. रूम रवा, आणि बंद केल्यावर खरंच गिटार उघडी पडली. हॉल ठीक. चर्चमध्ये 'टण्ण' दोनच्या पुढे येतं. स्प्रिंगमध्ये थेंब नाही, खर्जातला म्हणाले तसंच. मॉडमध्ये सूर जरा डोलतो, त्यामुळे तीन सुरांची कॉर्डसुद्धा मला बेसूर वाटायला लागली. शिमर वरचा सप्तक जोडतो. एकट्याने बसून वाजवायला गोड आहे, पण की-बोर्ड शेजारी असताना त्याचं काम नाही.

शनिवारी कार्यक्रम होता, मंगल कार्यालयात. खाली गुळगुळीत फरशी, वर पत्रा, खुर्च्या अजून रिकाम्या. साउंड चेकला तबलजीने नुसती चाट मारली तरी हॉलभर फिरून येत होती. मी प्लेटचा मिक्स साडेनऊवरून नऊवर आणला आणि साउंडवाल्यांना सांगितलं की गिटारच्या चॅनेलवर तुमचा रिव्हर्ब घालू नका. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, सगळ्यांवर सारखाच घालतो. लोक आल्यावर आवाज बराच बसला, तेव्हा परत साडेनऊ. फोन मागच्या रांगेत रेकॉर्डिंगला ठेवला होता. त्यात गिटारचा प्रत्येक आघात ऐकू येतो.

एक दोष मात्र तिथेच कळला. पहिल्या भावगीतात अंतरा संपताना मी पायाने रिव्हर्ब बंद केला आणि शेपूट कात्रीने कापल्यासारखं तुटलं. गायिकेचा श्वास आणि माझा सूर यांच्यामध्ये एकदम भोक पडलं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. या पेडलात बंद केल्यावर शेपूट विरू द्यायची सोय नाही. पुढच्या गाण्यापासून ते चालूच ठेवलं आणि कमी-जास्त गिटारच्या व्हॉल्यूमने केलं. वाजवताना मोडचा नॉब फिरवला तर 'फट' आवाज येतो, तेव्हा तोही हलवायचा नाही.

म्हणजे सातातले दोन मोड माझ्या कामाचे, आणि पेडल कायम चालू. ठेवतोय.

बे_एरिया_पुणेकर

दोन मोडसाठी साडेचार हजार? तरी ठेवताय?

डोंबिवली_सहातारी

हो. मूळ गिटार बिघडत नाही आणि प्लेट खरी आहे. सोल्डरगन यांनी पहिल्या पायरीला जे विचारलं त्याचं उत्तर हो आलं, म्हणून ठेवतोय. उरलेल्या पाच मोडसाठी मी पैसे दिले असं धरलंच नाही. शेपूट तुटण्याचं दुःख आहे. पुढचं पेडल घेताना आधी तेच बघेन.

सोल्डरगन

जॅक हलवून बघितले?

डोंबिवली_सहातारी

बघितले. नटाने आवळलेले आहेत. इनपुटचा नट सैल होता, पान्याने अर्धा आटा फिरवला.

वसईची_क्वायर

मोकळ्या मैदानातल्या मांडवात काय करणार? तिथे कापड आणि उघडं आकाश, काहीच परत येत नाही.

डोंबिवली_सहातारी

नवरात्रात तेच आहे. प्लेट, मिक्स साडेदहा, डिके अकरा असं मनात धरलंय, टोन बारा. मंगल कार्यालयाची खूण नॉबवर पांढऱ्या मार्करने केलीय, मैदानाची लाल करणार. पहिल्या रात्रीनंतर इथे लिहितो.

तंबोरा

वाट बघते. रेकॉर्डिंग मागच्या रांगेतूनच करा, तेही ऐकायचंय.